ऑस्टनब्रिंकांच्या घरातला टीमान

३ जानेवारी २००९, शनिवार

ही वही रोंडाने नाताळात दिली. म्हणाली, "पॉप, बोलायचं नसेल तर निदान लिहा तरी." रोंडा माझी सून. माझा मुलगा जाऊन सोळा महिने झाले. उतारावर ट्रॅक्टर उलटला. याबद्दल एवढंच.

गाईंच्या पाण्यावर बर्फ धरला होता, कुऱ्हाडीने फोडला. पूर्वी अशा थंडीत बोटं दुखायची. आताही दुखत असतील, मला कळत नाही.

वंशावळीला पुन्हा हात घालायचा ठरवलंय. तीस वर्षांचं काम आहे, सॉसेज गुंडाळायच्या पांढऱ्या कागदाच्या रिळावर काढलेलं, जेवणघराच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातं. माझी बायको लिओना असताना म्हणायची, पाहुणे आले की या घरात आधी मेलेल्यांची ओळख करून देतात, मग जिवंतांची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तीही त्या कागदावर आहे.

मुळाशी योहान फ्रीडरिश ऑस्टनब्रिंक, माझा खापरपणजोबा. १८४४ साली बायको काटारिना आणि पाच वर्षांचा मुलगा घेऊन जर्मनीतून निघाला, मिसूरी नदीने वर आला आणि या टेकडीवर झाडं तोडून बसला. तेव्हापासून इथे ऑस्टनब्रिंकच आहेत. त्याच्या मागे १६५० पर्यंत सगळे ऑस्टनब्रिंक मी त्यांच्या गावच्या चर्चच्या वहीतून काढलेत. फक्त एक बारीक गोष्ट जुळत नाही. वहीत त्याचा जन्म १८०९ चा आहे आणि जहाजाच्या यादीत वय तेहतीस, म्हणजे १८११. मी ते कारकुनावर ढकलून दिलं होतं. आता वेळच वेळ आहे. त्या गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा पत्ता मिळालाय, इर्मगार्ड बाई. जुन्या वह्या वाचून देतात. त्यांना पत्र टाकलं.

१० जानेवारी, शनिवार

डुक्कर कापून सॉसेज भरायचं काम झालं. दर जानेवारीला करतो, गेल्या वर्षी केलं नव्हतं. मसाल्याचं प्रमाण लिओनाच्या डोक्यात होतं, तिने ते कुणालाच लिहून दिलं नाही, मलाही नाही. रोंडाने मात्र तिच्याशेजारी उभं राहून दहा हिवाळे बघितलं होतं. आज तिने मूठभर मीठ हातातच तोललं, लवंग चिमटीत घेतली, वास घेऊन अर्धी परत टाकली. चव तीच आली.

मदतीला गॅरी प्रूएट होता. आमचं दूध न्यायला टँकर घेऊन येतो तो. दक्षिणेकडच्या डोंगरातला माणूस, बाप्टिस्ट पंथाचा, बिअरला शिवत नाही आणि तोंड मात्र बंद ठेवत नाही. मला म्हणाला, "मिस्टर ऑस्टनब्रिंक, तुमच्यापेक्षा तुमच्या गाई जास्त बोलतात."

"त्यांना विषय असतात," मी म्हणालो.

रोंडा हसली. हसता हसता आतडं तिच्या हातातून निसटलं आणि सगळं मांस फरशीवर. त्यावर पुन्हा दोघंही हसले. मी फरशी धुतली.

१८ जानेवारी, रविवार

चर्चहून येताना गाडीत रोंडा म्हणाली, "गॅरीने मला विचारलंय."

मी विचारलं, "काय?"

"पॉप, लग्नाचं. दुसरं काय विचारतात?"

गाडी मीच चालवत होतो. पूल आला, तो ओलांडला. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय."

ती थांबली होती, मी पुढे काही बोलेन म्हणून. मला खरोखरच काही वाटत नव्हतं.  उतरताना म्हणाली, त्याचं घर तीस मैलांवर आहे, भाड्याचं, गोठा नाही. मे महिन्यापर्यंत ती इथे आहे, तोवर गाईंचं काय ते ठरवा.

एकोणीस वर्षं ती या गोठ्यात राबली. त्यांना मूल झालं नाही. मुलगा गेल्यावर ती माहेरी जाईल असं सगळे म्हणत होते, तिने बूट चढवले आणि संध्याकाळच्या धारा काढल्या. हे मला मान्य आहे. पण सोळा महिने म्हणजे काही फार नाहीत. गावाला तोंडं आहेत.

२२ जानेवारी, गुरुवार

ब्रेंटला फोन केला. ब्रेंट माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, फिनिक्सला असतो, विमा विकतो. ऑस्टनब्रिंक नावाचा आता तो एकटाच उरलाय. सांगितलं, शेत तुझ्या नावावर करणार आहे.

"वर्नर काका, खरंच? वा. ते तळं अजून आहे ना?"

आहे म्हटलं.

"तिकडे हरणांच्या शिकारीला लोक येतात ना? जागा भाड्याने देतात म्हणे. आणि गाई... गाई असतातच का अजून?"

"असतातच. रोज दोनदा."

तो हसला. मी विनोद केला नव्हता. तरी नाव तर राहील. परका माणूस या टेकडीवर नको. रोंडाच्या नावावर केलं तर उद्या फाटकावर प्रूएट लिहिलेलं दिसेल. घरजावई परवडला, त्याने निदान घरची मुलगी तरी केलेली असते. हा तर सुनेच्या पदराला धरून येणार.

वकिलाने १४ एप्रिलची तारीख दिली. त्या दिवशी मृत्युपत्रावर सही.

२ फेब्रुवारी, सोमवार

विशेष काही नाही. ब्याण्णव नंबरची गाय व्यायली, कालवड. डोकं मागे वळलं होतं, रोंडाने हात घालून सरळ केलं. मी कंदील धरला.

ट्रॅक्टर उलटला त्या दिवशी गवत आणायला मीच सांगितलं होतं. पावसाआधी वरचं आणून टाक, म्हणालो. तो म्हणाला, उद्या. मी म्हणालो, आज.

१० फेब्रुवारी, मंगळवार

इर्मगार्ड बाईंचं पत्र आलं. इंग्रजी लिहितात, पण फळ्यावर लिहिल्यासारखं.

"श्री. ऑस्टनब्रिंक, तुम्ही फांदी जोडून मागितलीत आणि मला ती तोडावी लागतेय. १८०९ साली बाप्तिस्मा झालेला तुमचा योहान फ्रीडरिश १८१३ च्या मार्चमध्ये गोवराने वारला. मृत्यूंची वही वेगळी असते, ती तुम्ही पाहिलेली दिसत नाही. नवशिके नेहमी हेच करतात. जन्म सापडला की खूश होऊन थांबतात."

तीस वर्षं मी नवशिका आहे तर.

म्हणजे इतकी वर्षं ज्याला मी खापरपणजोबा म्हणत आलो, तो चार वर्षांचा होऊन मेला होता. त्याला मी मोठा केला, लग्न लावून दिलं, जहाजात बसवलं. कागदासमोर बराच वेळ उभा राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. खोडरबर शोधलं, मग आठवलं की शाईने लिहिलंय.

रोंडाने विचारलं, काय झालं? म्हटलं, एक मूल गेलं. ती एकदम खुर्चीत बसली. मग मी सांगितलं, १८१३ साली. ती उठली आणि बाहेर गेली. दार जोरात लावलं. का ते कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाईंना पुन्हा पत्र टाकून बारा दिवस झाले. हा जर आमचा नव्हे, तर १८११ चा कोण? त्या गावात दुसरं ऑस्टनब्रिंक कुटुंब नाही, एकच घर, एकच नाव.

गॅरी रोज टँकर भरताना आता जास्त वेळ थांबतो. रोंडा आणि तो गोठ्याच्या दाराशी बोलत असतात. आज मी जवळ गेल्यावर दोघंही गप्प झाले. तिचे डोळे लाल होते. त्याने काही दुखावलं असेल तर मला सांग म्हटलं, तर म्हणाली, "तो नाही दुखवत, पॉप."

११ मार्च, बुधवार

पत्र. चार पानं. अर्धा दिवस वाचतोय.

बाई लिहितात की १८३६ च्या ऑक्टोबरात ऑस्टनब्रिंकांच्या घरचा तरुण मालक विल्हेल्म माळ्यावरून गवत खाली टाकताना पडला आणि मेला. मागे बायको काटारिना, मूल नाही, आणि म्हातारा सासरा गेर्हार्ड. पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे अकरा महिन्यांत, त्या विधवेने दुसरं लग्न केलं. नवरा योहान फ्रीडरिश टीमान, जन्म १८११, एका बिनजमिनीच्या झोपडीतला, त्याच घरी गडी म्हणून कामाला असलेला. लग्नाच्या नोंदीनंतर त्याला टीमान कुणीही म्हणत नाही. तो ऑस्टनब्रिंक.

"तुम्हाला हे माहीत नाही याचं मला आश्चर्य वाटतं," बाई लिहितात. "तुमचेच लोक आहेत. आमच्या भागात नाव माणसाचं नसायचं, घराचं असायचं. जो त्या घराच्या चुलीपाशी राहून जमीन कसतो, त्याला त्या घराचं नाव. जावई असो, गडी असो, विधवेचा दुसरा नवरा असो. तो आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून आत येई. ते परदेशी गेले तेव्हा घर मागे राहिलं आणि नाव मात्र कोटासारखं अंगावर घालून निघाले. तिकडे तुम्ही सगळ्यांनी ते रक्ताचं समजलात. मिसूरीहून मला येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्यांत हीच चूक असते."

म्हणजे आमच्यात ऑस्टनब्रिंकांचा एक थेंबही नाही. १६५० पर्यंतचे ते सगळे, त्यांच्या तारखा मला तोंडपाठ आहेत, त्यांचा माझा काही संबंध नाही. मी गड्याचा खापरपणतू. ज्याला मी या वहीत परवा घरजावयापेक्षा खालचा म्हटलं, तसल्याचा.

राग यायला हवा होता. धारा काढल्या, जेवलो, ताट धुतलं.

१३ मार्च, शुक्रवार

बाईंची काही चूक होत असेल. वय झालंय त्यांचं, ऐंशी.

१४ मार्च, शनिवार

चूक नाही. त्यांनी पानाचा फोटोही पाठवला होता, पाकिटातच राहिला होता. जुनं जर्मन अक्षर मी वाचू शकतो. टीमान. पुढे, ऑस्टनब्रिंक म्हणवला जाणारा.

१७ मार्च, मंगळवार

रोंडा दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, टँकर आला तेव्हा मी एकटा होतो. गॅरीने नळी जोडली. मग म्हणाला, "मिस्टर ऑस्टनब्रिंक, एक सांगू? तिने तारीख दोनदा पुढे ढकललीय. मी फेब्रुवारी म्हणालो होतो, तिने आधी मे केला, आता जून."

"का?"

"म्हणते, पॉपचं जेवण कोण बघणार. मी म्हटलं, आपण रोज येऊन जाऊ. म्हणते, रोज येणं आणि घरात असणं वेगळं."

मी म्हटलं, मला अंडी उकडता येतात.

"तेही तिने सांगितलं. फुटतात म्हणे."

मी त्याला विचारलं, का विचारलं ते माहीत नाही, "गॅरी, तुला कुणी सांगितलं की या घरात राहायचं असेल तर प्रूएट नाव टाकून ऑस्टनब्रिंक हो, तर होशील?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "माझा बाप जिवंत आहे अजून. त्याच्या कानावर गेलं तर तो बंदूक घेऊन येईल, आधी तुमच्याकडे, मग माझ्याकडे." मग नळी सोडवत, "कुणी मागणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "जुनी गोष्ट आहे."

त्या टीमानलाही बाप असेल. झोपडीतून रोज त्याला दिसत असेल, आपला मुलगा समोरच्या शेतात दुसऱ्याच्या नावाने हाक मारल्यावर ओ देतोय. आणि मी त्या बापाचा. त्याचं नावही मला ठाऊक नाही. बाईंना विचारायला हवं.

२४ मार्च, मंगळवार

बाईंचं छोटं पत्र. त्या बापाचं नाव अजून सापडायचंय, पण वाट न पाहता हे पाठवतेय, म्हणतात.

१८३९. काटारिना आणि त्या टीमानचं पहिलं मूल, मुलगा, म्हणजे माझा पणजोबा. बाप्तिस्म्याला मूल हातात धरणारा होता म्हातारा गेर्हार्ड ऑस्टनब्रिंक, मेलेल्या विल्हेल्मचा बाप. मुलाचं नाव ठेवलं गेर्हार्ड विल्हेल्म.

पणजोबाचं हे नाव मला लहानपणापासून माहीत आहे. चर्चमागच्या त्याच्या दगडावर आहे. कुणाचं आहे हे कधी विचारलं नाही.

बाई पुढे लिहितात, म्हातारा त्याच अंगणातल्या लहान घरात राहत होता. १८४३ च्या हिवाळ्यात गेला. पुढच्या वसंतात हे लोक अमेरिकेला निघाले. "निघायचं त्यांच्या मनात आधीच असावं," त्या लिहितात. "गावातले बहुतेक १८४० लाच गेले होते. हे थांबले."

म्हाताऱ्याने त्या पाण्याच्या भांड्यापाशी उभं राहून आपल्या मुलाचं नाव मोठ्याने सांगितलं असेल. पाद्री विचारतो ना, या मुलाचं नाव काय. दुसऱ्याच्या पोराला हातात धरून सांगितलं असेल, विल्हेल्म. त्याचा आवाज कसा होता ते वहीत नाही.

मला जेवण गेलं नाही.  सर्दी असेल.

५ एप्रिल, रविवार

ब्रेंटचा फोन. शिकारीच्या जागेसाठी कुणाशी तरी बोलून ठेवलंय म्हणे. घर पाडावं लागेल का असं तो माणूस विचारत होता. मी म्हटलं, मी अजून त्यात राहतोय. "नाही नाही, नंतरचं म्हणतोय, काका." चांगला मुलगा आहे, उगाच खोटं बोलत नाही. नाव ऑस्टनब्रिंक. तोही टीमानच.

१४ एप्रिल, मंगळवार

वकिलाकडे गेलो. रोंडाला खतं आणायला चाललोय म्हणून सांगितलं होतं.

कागद तयार होते, ब्रेंटचं नाव टाइप केलेलं. मी म्हटलं, हे काढा. रोंडाचं घाला.

वकील तरुण आहे, चष्म्यावरून बघतो. "तुमची सून. पण ती लग्न करतेय ना पुन्हा?"

"जूनमध्ये."

"मग ती प्रूएट होईल. मग कायद्याने ती तुमची कुणीच नाही. नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

"काहीतरी लिहायलाच हवं का?"

"ब्रेंटनं आव्हान दिलं तर कोर्ट विचारेल. रक्ताचा माणूस असताना तुम्ही परक्या बाईला का दिलंत?"

मी म्हटलं, "त्या घरात राहते ती आणि तिथली जमीन कसते. तेच लिहा. आमच्यात जो घरात राहील तो घरचा."

"आमच्यात म्हणजे? ऑस्टनब्रिंकांच्यात?"

"नाही," मी म्हटलं. "टीमानांच्यात."

त्याने टीमान कसं लिहायचं ते विचारलं. मी म्हटलं, ते लिहू नका. सही केली.  खतं आणायची राहिलीच, परत फिरून आणली, नाहीतर खोटा पडलो असतो.

संध्याकाळी गोठ्यात सांगितलं. तिने दोन गाईंचं काम संपवलं, यंत्र काढलं, कास पुसली, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, खूश होईल. निदान रडेल.

म्हणाली, "पॉप, तुम्हाला वाटतं मी शेतासाठी चाललेय?"

"मग कशासाठी?"

"एकोणीस महिन्यांत तुम्ही त्याचं नाव एकदा तरी घेतलंय का?"

मी फडकं पिळायला घेतलं.

"मेलेल्या माणसांनी अख्खी भिंत भरलीय तुमची. ज्यांची हाडंसुद्धा उरली नाहीत त्यांची नावं घेता दिवसभर. जेवताना मी त्याचं काही सांगायला गेले की तुम्ही मीठ मागता. मीठ समोर असतं, पॉप." ती रडत नव्हती, भराभर बोलत होती. "गॅरी रोज त्याचं नाव घेतो. सकाळी येतो आणि सांगतो, आज रस्त्यात त्याचं ते वळण लागलं, तिथे तो असं म्हणाला होता. म्हणून मी त्याच्याशी लग्न करतेय. त्याच्याजवळ बसून मला माझ्या नवऱ्याबद्दल बोलता येतं. इथे नाही येत. ज्या घरात त्याचं नाव निघत नाही ते घर मला देऊन मी काय करू?"

मी म्हटलं, "गवत आणायला मी पाठवलं होतं त्याला."

"मला माहीत आहे. मी खिडकीत होते. तुम्ही पाठवलंत, तो गेला. चाळीस वर्षांत तुम्ही त्याला हजार वेळा पाठवलंत आणि हजार वेळा तो परत आला." तिने बादली उचलली. "ते नका सांगू मला. त्याचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. ती थांबली होती. गाईंपैकी कुणीतरी साखळी हलवली.

नाही आलं. ती दूध घेऊन गेली.

१९ एप्रिल, रविवार

वरच्या कुरणात जाऊन पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, कुंपण आणि मी. तरी ओठांशी येऊन थांबलं. शेवटी पणजोबाचं घेतलं. गेर्हार्ड विल्हेल्म. तेही जड गेलं.

२७ एप्रिल, सोमवार

बाईंचं पत्र. टीमानच्या बापाचं नाव योबस्ट. मुलाच्या त्या लग्नानंतर सहा वर्षं जगला, म्हणजे मुलगा अमेरिकेला गेलेलं त्याने बघितलं नाही, बरं झालं. कागदावर लिहून घेतलं. १६५० पासूनचे ते ऑस्टनब्रिंक खोडले नाहीत. घर त्यांचं होतं.

बाई शेवटी विचारतात, "आणि आता तिकडे तुमच्या घरात कोण आहे?" त्यांना काय उत्तर लिहायचं ते माझ्यावर नाही, रोंडावर आहे.

३ मे, रविवार

चर्चनंतर रोंडाने गॅरीला जेवायला बोलावलं होतं. तिने निर्णय सांगितलेला नाही. मीही विचारलेलं नाही. गेले पंधरा दिवस आम्ही हवामानाबद्दल बोलतोय, तेही बेताने.

डुकराची भाजलेली मांडी, आंबट कोबी, नवे बटाटे लोण्यात. गॅरी म्हणाला, प्रार्थना मी म्हणू का. म्हण म्हटलं. आमची ल्यूथरवाल्यांची प्रार्थना दोन ओळींची असते. बाप्टिस्टांची तशी नसते. त्याने आधी अन्नासाठी आभार मानले, मग पावसासाठी, मग टँकरच्या नव्या टायरसाठी, मग एकेका पाहुण्यासाठी, पाहुणा तोच एकटा होता. मग आजारी लोकांची यादी सुरू झाली. वाफ जिरली. मान खाली घालून मी लोणी बटाट्यांवर गोठताना बघत होतो. तो त्याच्या मावशीच्या गुडघ्यापर्यंत आला.

आणि मी म्हणालो, "लाइल एव्हाना दोन बटाटे खाऊन बसला असता."

कसं म्हणालो ते मला माहीत नाही. मान खालीच होती. गॅरी मधेच थांबला.  मला वाटलं, आता ती उठून जाईल.

रोंडाने डोळे उघडले नाहीत. हातही तसेच जोडलेले.

"तीन," ती म्हणाली. "आणि चौथा खिशात."

मग मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, जसा लाइल लहानपणी रडायचा. ती उठून माझ्यामागे आली, तिचा हात माझ्या मानेवर होता आणि तीही रडत होती. गॅरीला बिचाऱ्याला काय करावं सुचेना. त्याने मावशीचा गुडघा तसाच सोडला आणि आमेन म्हणाला.

आम्ही थंड बटाटे खाल्ले. लाइलने एकदा अख्खा डबा खारवलेली काकडी पैजेवर संपवली होती, ते रोंडाने सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. पैज कुणाशी होती म्हटलं, तर गॅरी म्हणाला, माझ्याशी.

संध्याकाळच्या धारांना ती म्हणाली, "पॉप, गॅरीचं सामान जूनमध्ये आणायचं तर वरची खोली रिकामी करावी लागेल. लाइलचे कपडे आहेत तिथे. आपण दोघं करू."

करू म्हटलं.